वेड्यावाकड्या मोत्याची गोष्ट

बी.ए.ची परीक्षा देऊन मी मोकळा झालो होतो, तेव्हाची गोष्ट. अब्बांबरोबर गोव्याला गेलो होतो. अब्बा गवंडी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात आणि आसपास त्यांनी जांभ्याची किती घरं उभी केली, याचा हिशेब त्यांनाही नव्हता. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चसमोर आम्ही उभे राहिलो. मी पडलो पुस्तकी माणूस. मान वर करून कमानी आणि नक्षी बघत राहिलो. अब्बांनी मात्र पुढं होऊन भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘‘याचा गिलावा कुठं गेला? चिरा असा उघडा ठेवत नाहीत. पाऊस खातो त्याला.’’

अब्बांचा प्रश्न किती बरोबर होता, हे मला पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं. या चर्चचा पाया १५९४ साली घातला गेला आणि १६०५ साली त्याचा अभिषेक झाला. तेव्हा त्याला चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात, गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य असतानाच, डागडुजीच्या वेळी तो काढून टाकला गेला. त्या उघड्या चिऱ्यांची झीज ही आजही तिथली काळजीची बाब आहे आणि पुन्हा गिलावा करावा, अशी मागणी होते आहे. त्या दिवशी अब्बांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला म्हणून मी पुस्तकं उघडली आणि एका शब्दापाशी येऊन थांबलो. तो शब्द ‘बरोक’. आज त्याच शब्दाबद्दल मी आपल्याशी बोलणार आहे.

बरोक हे युरोपातल्या एका कलाशैलीचं नाव. साधारण १६०० ते १७५० हा तिचा बहराचा काळ. नाचरे, पीळदार खांब, आकाश उघडल्यासारखी रंगवलेली छतं, सोन्याचा मुलामा, आणि वाऱ्यात उडणारी वस्त्रं नेसलेले संगमरवरी पुतळे हा तिचा थाट. पण हे नाव त्या कलावंतांनी स्वतः घेतलेलं नाही. ते त्यांना नंतरच्या लोकांनी दिलं, तेही हिणवण्यासाठी. पोर्तुगीज भाषेत ‘बारोको’ म्हणजे जो गोल नाही असा वेडावाकडा मोती. काही अभ्यासक या शब्दाचं मूळ तर्कशास्त्रातल्या एका लॅटिन संज्ञेत शोधतात. पण मोत्याची व्युत्पत्तीच जास्त मान्य आहे. आपल्या दृष्टीनं मौजेची गोष्ट अशी, की या अर्थानं हा शब्द ज्या जुन्या पुस्तकांत सापडतो, त्यांतलं एक गोव्यात छापलेलं आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापून निघाला. त्यात मोत्यांवरही एक प्रकरण आहे आणि बेढब मोत्यांना त्यानं हाच शब्द वापरला आहे.

अठराव्या शतकात ज्यांना सरळ रेषा आणि शांत प्रमाणबद्धता आवडू लागली, त्यांनी आधीच्या पिढ्यांच्या कलेला ‘बरोक’ म्हणून हिणवायला सुरुवात केली. म्हणजे बेढब, बिघडलेली, अतिरेकी कला. पुढं १८५५ साली याकोब बुर्कहार्ट या स्विस इतिहासकारानं लिहिलं, की बरोक वास्तुकला बोलते प्रबोधनकाळाचीच भाषा, पण तिच्या रानटी बोलीत. हे वाक्य वाचलं तेव्हा मला माझी पहिली कविता आठवली. आमच्या घरातली कोकणी मुसलमानांची बोली मी त्या कवितेत घातली होती. एका संपादकांनी ती परत पाठवली, सोबत शेरा होता – ‘कल्पना बरी, भाषा अशुद्ध.’ त्या दिवसापासून या वेड्यावाकड्या मोत्याशी माझं नातं जुळलं.

आता मुळाकडं जाऊ. १५०६ साली रोममध्ये सेंट पीटरच्या नव्या भव्य चर्चची पायाभरणी झाली. पैसा अफाट लागणार होता. तो उभा करण्यासाठी पापांच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रकं विकण्याचा सपाटा सुरू झाला. त्याविरुद्ध १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर उभा राहिला आणि पश्चिम युरोपातलं ख्रिस्ती जग दुभंगलं. एका इमारतीच्या खर्चानं धर्माला तडा गेला, असं म्हटलं तर ते अर्धसत्य ठरेल. पण अर्धं तरी सत्यच आहे.

या भांडणात एक प्रश्न चित्रांचा होता. देवाघरी चित्रं, मूर्ती असाव्यात की नसाव्यात? प्रॉटेस्टंटांमधल्या कडव्या गटांचं उत्तर होतं, नसाव्यात. १५६६ च्या ऑगस्टमध्ये अँटवर्पच्या कॅथीड्रलमध्ये जमाव घुसला आणि त्यानं मूर्ती फोडल्या, चित्रं फाडली. मी ज्या घरात वाढलो, तिथं भिंतीवर कोणाचीही तसबीर नव्हती. फक्त एक सुंदर अक्षरातली आयत काचेत मढवलेली होती. त्यामुळं चित्राबद्दलचा तो संकोच मला परका नाही. पण न लावलेलं चित्र आणि फोडलेलं चित्र यांत फार अंतर आहे, हेही मला त्याच घरात शिकवलं गेलं.

कॅथलिक चर्चनं आपलं उत्तर ट्रेंटच्या धर्मसभेत दिलं. ही सभा मधले खंड धरून १५४५ पासून १५६३ पर्यंत चालली. शेवटच्या बैठकीत, डिसेंबर १५६३ मध्ये ठराव झाला, की चित्रं राहतील. पूजा चित्राची होत नाही, त्यानं दाखवलेल्याची होते; आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्रातून धर्म कळतो. मात्र चित्र स्पष्ट हवं, भाव जागवणारं हवं, त्यात उच्छृंखलपणा नको. गोव्यात ऑर्ताच्या ग्रंथात ‘बारोको’ हा शब्द छापला गेला, त्याच वर्षी तिकडं युरोपात हा ठराव झाला. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. पण त्या ठरावातून वाढलेल्या कलेला पुढं तोच शब्द चिकटायचा होता.

भाव जागवायचे म्हणजे नेमकं काय करायचं? पहिलं उत्तर वास्तूनं दिलं. जेझुइट पंथाचं मुख्य चर्च ‘जेझू’ १५६८ साली रोममध्ये विन्योला या वास्तुकारानं बांधायला घेतलं. १५८४ मध्ये त्याचा अभिषेक झाला. आतल्या खांबांच्या रांगा काढून टाकून एकच रुंद दालन केलं, म्हणजे प्रवचन शेवटच्या माणसाला ऐकू जावं आणि वेदी सगळ्यांना दिसावी. बाजूला छोटी प्रार्थनास्थळं, आणि घुमटातून नेमका वेदीजवळ उतरणारा उजेड. शुक्रवारच्या नमाजाला जो माणूस शेवटच्या सफेत उभा राहून खुतबा ऐकायची धडपड करतो, त्याला या योजनेची किंमत लगेच कळेल. दर्शनी भिंत देल्ला पोर्ता यानं रचली. खाली रुंद, वर अरुंद आणि दोन्ही जोडणारी शंखासारखी वळणं. जगभरच्या कितीतरी जेझुइट चर्चांनी पुढं हाच चेहरा घेतला.

दुसरं उत्तर रंगांनी दिलं. काराव्हाज्जो हा भांडकुदळ तरुण १६०० च्या सुमारास रोममध्ये संतांची चित्रं रंगवत होता. त्याचे संत रस्त्यावरच्या माणसांसारखे दिसत. फ्रेंच मंडळींच्या सेंट लुई चर्चमधल्या त्याच्या चित्रात जकातदार मॅथ्यू नाणी पसरलेल्या टेबलाशी बसलाय आणि काळोखातून एक उजेडाची तिरीप त्याच्यावर येते. ती तिरीप हेच देवाचं बोलावणं. दुसऱ्या एका चित्रात मेरीच्या दारात दोन गरीब यात्रेकरू गुडघे टेकून आहेत आणि त्यांचे मळके तळवे बघणाऱ्याच्या अगदी नाकासमोर येतात. पंढरीच्या वाटेवर ज्यानं वारकऱ्यांचे पाय पाहिलेत, त्याला ते तळवे ओळखीचे वाटतील. चर्चच्या काही मंडळींना ते मुळीच रुचलं नाही. काराव्हाज्जोची काही चित्रं नाकारली गेली. १६०६ साली मारामारीत त्याच्या हातून एक खून झाला, तो रोममधून पळाला आणि १६१० मध्ये, चाळिशीही न गाठता वारला. पण काळोख आणि उजेड यांची जी झुंज त्यानं लावून दिली, ती पुढं युरोपभर पसरली.

तिसरं नाव बर्निनी. सेंट पीटरमधलं ब्राँझचं पीळदार खांबांचं छत्र त्याचं. ते सुमारे ९५ फूट उंच आहे. १६२४ ते १६३३ अशी नऊ वर्षं त्याचं काम चाललं होतं. त्याच पोपनं पँथिऑन या प्राचीन वास्तूच्या मंडपातलं ब्राँझ काढून घेतलं. ते बहुतेक सगळं तोफा ओतायला गेलं. पण रोमकरांनी पोपच्या बार्बेरिनी घराण्यावर टोमणा मारलाच, की रानटी टोळ्यांना जे जमलं नाही ते यांनी करून दाखवलं. पुढं १६५६ ते १६६७ या काळात बर्निनीनं सेंट पीटरसमोरचं लंबवर्तुळाकार पटांगण २८४ स्तंभांनी वेढलं. आई हात पसरून लेकरांना कवेत घेते तसे हे स्तंभ आहेत, असं तो म्हणत असे.

याच बर्निनीच्या योजनेतून रोममध्ये आपली गंगाही पोचली. पियाझ्झा नवोना चौकातल्या १६५१ च्या कारंज्यावर चार खंडांच्या चार नद्या बसल्या आहेत – डॅन्यूब, नाईल, प्लाता आणि गंगा. आपण जिला माता म्हणतो, ती तिथं दाढीवाला बलदंड पुरुष आहे, कारण त्यांच्याकडं नदी पुरुष असते. त्याच्या हातात वल्हं आहे. ही नदी नौका चालण्याजोगी आहे, हे सांगायला. नाईलनं तोंडावर वस्त्र घेतलंय, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता.

बर्निनीचा प्रतिस्पर्धी बोर्रोमिनी. तो दगडकाम करणाऱ्याचा मुलगा आणि स्वतःही पाथरवट म्हणून वाढलेला, म्हणून मला अंमळ जास्त जवळचा. बर्निनी दरबारी, हसरा, पोपच्या मर्जीतला. बोर्रोमिनी एकलकोंडा. त्याला चौरस्त्यावरची चिंचोळी जागा मिळाली. तिथं त्यानं सान कार्लो हे छोटं चर्च बांधलं. त्याची भिंत सरळ राहायलाच तयार नाही. ती आत जाते, बाहेर येते, जणू श्वास घेते. तिची दर्शनी बाजू पुरी होण्याआधीच, १६६७ साली, आजारानं आणि निराशेनं घेरलेल्या बोर्रोमिनीनं स्वतःला तलवारीवर झोकून दिलं. ‘बिघडलेली बोली’ हा आरोप पुढच्या टीकाकारांनी सर्वांत जास्त त्याच्यावरच केला.

मग हे सगळं जगभर पसरलं कसं? एक कारण माणसं. जेझुइट आणि इतर पंथांचे धर्मप्रसारक जिथं गेले, तिथं नकाशे घेऊन गेले. दुसरं कारण पुस्तकं. आंद्रेआ पोझ्झो या जेझुइट चित्रकारानं रोमच्या सेंट इग्नेशियस चर्चमध्ये सपाट कापडावर खोटा घुमट रंगवला. जमिनीवरच्या एका ठरावीक जागी उभं राहिलं, की तो खरा वाटतो. चार पावलं सरकलं, की कोसळतो. असली किमया कशी साधायची, हे त्यानं १६९३ पासून दोन खंडांत सचित्र छापलं. त्या ग्रंथाची युरोपभर भाषांतरं झाली आणि १७२९ साली चीनमध्येही त्याच्या आधारानं एक पुस्तक निघालं. तिसरं कारण राजे. जी कला देवाचा दिमाख दाखवते ती आपलाही दाखवील, हे फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं ओळखलं आणि १६८२ मध्ये दरबार व्हर्सायच्या राजवाड्यात हलवला. अँटवर्पच्या ज्या कॅथीड्रलमध्ये मूर्ती फुटल्या होत्या, तिथं रुबेन्सनं क्रूसावरून येशूला उतरवतानाचं भव्य चित्र उभं केलं. आणि प्रॉटेस्टंट लंडननंही १६६६ च्या आगीनंतर सेंट पॉलचं कॅथीड्रल बांधताना याच शैलीकडून उसनवारी केली.

चौथं कारण सांगताना मात्र जीभ जड होते. ते म्हणजे सोनं-चांदी आणि ती खणणारी गुलाम माणसं. ब्राझीलच्या खाणींतलं सोनं आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी उपसलं आणि तेच सोनं तिथल्या चर्चांच्या भिंतींवर चढलं. पण त्याच भूमीत अलैजादिन्यो झाला. या नावाचा अर्थच ‘लहानगा पांगळा’. बाप पोर्तुगीज वास्तुकार, आई आफ्रिकी गुलाम. आजारानं त्याची बोटं झडत गेली, तेव्हा छिन्नी-हातोडी मनगटाला बांधून तो काम करी, असं सांगतात. काँगोन्यास गावात १८०० ते १८०५ या काळात त्यानं घडवलेले बारा पैगंबर मऊ दगडात अजून उभे आहेत. गुलाम बाईचा मुलगा मालकांच्या कलेचा शेवटचा मोठा उस्ताद ठरला.

आणि आता गोवा. १२ मार्च १६२२ या एकाच दिवशी रोमनं पाच जणांना संतपद दिलं. त्यांत इग्नेशियस होता, तेरेसा होती आणि फ्रान्सिस झेवियर होता. तेरेसाचा भावसमाधीतला संगमरवरी पुतळा बर्निनीनं घडवला. इग्नेशियसच्या चर्चचं छत पोझ्झोनं रंगवलं. झेवियरचा देह गोव्यात. त्याच्यासाठी १६३६-३७ मध्ये गोव्याच्या सोनार-कारागिरांनी चांदीची पेटी घडवली. आणि तिच्याखालचा रंगीत दगडांचा, संगमरवराचा चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकारानं घडवून, तस्कनीच्या ग्रँड ड्यूकची भेट म्हणून १६९८ साली समुद्रमार्गे आला. रोमपासून इतक्या दूर, एकाच स्मारकात इटलीचा छिन्नीकार आणि गोव्याचा सोनार असे एकावर एक आहेत. एकाचं नाव ग्रंथात आहे. दुसऱ्यांना आपण फक्त ‘स्थानिक कारागीर’ म्हणतो.

पण गोव्यातल्या या वैभवाखाली राख आहे, हे विसरून चालणार नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी आपल्या ताब्यातल्या तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळं पाडली. १५६० मध्ये तिथं इन्क्विझिशन आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं. लोकांनी देव उचलले आणि खाडी ओलांडून पलीकडं फोंड्याच्या बाजूला नेले. तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. कुशस्थळीचा मंगेश तिथं गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. पुढं अठराव्या शतकात, छत्रपती शाहूंच्या काळात कवळ्याचं आजचं मंदिर उभं राहिलं. ते जरा निरखून बघा. शिखराच्या जागी घुमट आहे, बाहेर मराठी वळणाची दीपमाळ आहे, आणि भिंतींत चर्चसारख्या गोल कमानींच्या खिडक्या व अर्धे बाहेर आलेले खांब आहेत. ज्यांच्या देवाला चर्चवाल्यांनी परागंदा केलं, त्यांच्याच गवंड्यांनी चर्चचे खांब देवाच्या दाराशी लावले.

हे फक्त गोव्यात घडलं असं नाही. १६८३ मध्ये व्हिएन्नाला पडलेला तुर्कांचा वेढा उठला आणि त्या विजयाच्या उत्साहात शहर बरोक राजवाड्यांनी सजलं. त्यानंतर पुरती सत्तर वर्षंही झाली नव्हती, तोच इस्तंबूलमध्ये, तुर्कांच्या राजधानीत, नूर-ए-उस्मानिये मशीद उभी राहू लागली. १७४८ ते १७५५ या काळात सिमेऑन काल्फा या ख्रिस्ती वास्तुकारानं ती बांधली. तिचं अंगण नेहमीसारखं चौकोनी नाही, घोड्याच्या नालासारखं वळलेलं आहे. कमानींना लहरी आहेत. मूर्तींच्या समर्थनासाठी रोममध्ये जन्मलेली शैली, एकही मूर्ती न घेता, मशिदीत नांदू लागली. रोम मी पाहिलेलं नाही, इस्तंबूलही नाही. पण या मशिदीचं चित्र मी घरात त्या आयतीशेजारी लावलं आहे. माणसाचं चित्र नसल्यामुळं घरात कोणी हरकत घेतली नाही.

१८८८ साली हाइनरिश व्योल्फलिन या अभ्यासकानं प्रबोधनकाळ आणि बरोक यांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला, आणि हळूहळू लोक या मोत्याकडं नव्यानं बघू लागले. शिवीचं नाव झालं. बोली बिघडलेली नसते, तिचं व्याकरण वेगळं असतं, हे कळायला युरोपला शंभरेक वर्षं लागली. आपल्याकडं किती लागतील, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

त्या दिवशी जुन्या गोव्याहून आम्ही फोंड्याला गेलो. अब्बांनी आदिलशाहीच्या वेळच्या साफा मशिदीत नमाज पढली. मग वाटेत मंगेशीला उतरलो. देवळाबाहेर उभे राहून ते बराच वेळ घुमट, खांब, दीपमाळ असं एकेक बघत होते. इथला गिलावा शाबूत होता, पांढराशुभ्र. मला म्हणाले, ‘‘काम चांगलं आहे. गवंड्याचं नाव कुठं लिहिलंय का, बघ जरा.’’

मी सगळीकडं फिरून पाहिलं. देणगीदारांची नावं होती. गवंड्याचं नव्हतं. परत येऊन तसं सांगितलं, तेव्हा अब्बा म्हणाले, ‘‘नसणारच,’’ आणि बसच्या दिशेनं चालू लागले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)